नावं ठेवायची, पण नेमकी कशाला?

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. नळ आला होता, म्हणून मी अंगणात गुंड भरत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून धाकट्याची आरोळी आली, "मेलो ना वं आई! नेट अटकलं नि मेलो!" एरवी लेकराच्या तोंडून असं अभद्र निघालं की आपण बायका 'शिव शिव' म्हणतो. पण हल्ली 'मेलो' हा शब्द घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येतो नि आपण आपल्या पाणी भरत राहतो!

चिरंजीव फणकारतच बाहेर आले. "भंगार गेम आहे. एक स्टार देऊन राह्यलो मी त्याले." आता हा स्टार काय प्रकार म्हणून मी ओल्या हातानंच डोकावले. मोबाईलवरच्या दुकानात प्रत्येक गेमच्या नावाखाली लोक आपापली मतं लिहितात नि एकपासून पाचपर्यंत चांदण्या देतात. ह्या गेमच्या खाली मतांचा नुसता पाऊस पडला होता. त्यात कौतुकही होतं, पण शिव्या फार. काही तर अशा, की अहेरीच्या आठवडी बाजारातसुद्धा मी ऐकल्या नाहीत. 'पबजीची नक्कल', 'पैसे वाया', 'बंद करा हे दुकान'. मी विचारलं, "अरे, पैसे कोणाचे वाया गेले? तू तर फुकटच घेतलास ना?" त्यावर उत्तर नव्हतं.

माझा स्वभाव असा, की कोणी एकसुरात कोणाला नावं ठेवू लागलं की मला त्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटते. आमचे हे म्हणतात, ह्यामुळेच आपल्याकडे सगळे भांडण सोडवायला येतात. तेव्हा म्हटलं, बघू या तरी ह्या गेमचा गुन्हा काय आहे तो.

ज्या मैत्रिणींच्या घरात हे खूळ अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ह्या गेमचं नाव 'इंडस'. पुण्याच्या 'सुपरगेमिंग' नावाच्या कंपनीनं तो केला नि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो सगळ्यांसाठी खुला झाला. ह्याच कंपनीचा 'मास्कगन' नावाचा बंदुकीचा गेम आधीपासून मुलांना ठाऊक होता. 'इंडस'चा प्रकार 'बॅटल रॉयल' म्हणतात तो. आपल्या हळदीकुंकवातली संगीत खुर्ची आठवा. तिथं खुर्च्या कमी होत जातात, इथं जमीन कमी होत जाते. बरेच खेळाडू एका बेटावर उतरतात, पडक्या इमारतींतून बंदुका नि सामान गोळा करतात. बेटाभोवतीचं रिंगण आवळत येतं तसे सगळे समोरासमोर येतात, एकमेकांना टिपतात, नि शेवटी उरेल तो जिंकला. पुणेकरांनी त्यात आपली एक भर घातली आहे. शेवटी शेवटी 'कॉस्मियम' नावाचा एक मौल्यवान पदार्थ बेटावर प्रकट होतो. तो ज्यानं पटकावला तो जिंकला, मग बाकीचे जिवंत असोत की नसोत. म्हणजे सगळ्यांना न मारताही जिंकायची एक वाट आहे! मला ही कल्पना आवडली, खोटं कशाला बोलू? बेटाचं नाव विरलोक. पात्रांची नावं सर-ताज, मोर-नी अशी. आपल्याकडचं काहीतरी घेऊन पुढच्या काळातलं जग रचायचं, असा त्यांचा बेत.

मग बिघडलं कुठं? पहिलं म्हणजे वाट पाहायला लावली. ह्या गेमची घोषणा झाली जानेवारी २०२२ मध्ये नि तो आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधल्या काळात एक कोटीच्या वर लोकांनी आधीच नाव नोंदवून ठेवलं होतं. एक कोटी! पावणेतीन वर्षं पाहुण्यांना ओसरीवर बसवून स्वयंपाकघरातून नुसता फोडणीचा वास सोडत राहिलं, तर पान वाढल्यावर मीठ जरा कमी पडलेलंसुद्धा चालत नाही. इथं तर तक्रारी मिठाच्या पुढच्या होत्या. गेम अडखळतो, फोन तापतो, बंदूक झाडल्याचा नेम नि जोर हाताला जाणवत नाही, पळताना माणूस घसरल्यासारखा वाटतो, नि समोर खरी मुलं कमी नि यंत्रानं चालवलेले बुजगावणेच फार.

हे ऐकताना मला आधीचं एक प्रकरण आठवलं. तुम्हालाही आठवत असेल. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात 'पबजी मोबाईल' गेला. करोनाचे दिवस, शाळा बंद, नि मुलांनी घरात जणू सुतक धरलं होतं. दोनच दिवसांनी, ४ सप्टेंबरला, अक्षय कुमारनं 'फौजी' नावाच्या देशी गेमची घोषणा केली. बेंगळुरूच्या 'एनकोर' कंपनीचा हा गेम. उत्पन्नाचा वीस टक्के भाग 'भारत के वीर' निधीला देणार असंही सांगितलं. २६ जानेवारी २०२१ रोजी तो आला. पाहतात तर काय, गलवान खोऱ्यातली कथा, एकट्यानं खेळायची, नि बंदुकीऐवजी बरीचशी हाणामारी हातांनी नि दांडक्यांनी! शंभर जणांची लढाई नाही, मित्रांसोबत खेळणं नाही. काही दिवसांतच त्याच्या चांदण्या तीनच्या आसपास आल्या.

त्यावेळी मी बाकीच्यांसारखीच हसले होते. आता वाटतं, निम्मी चूक गेमची नि निम्मी मुहूर्ताची. पबजी गेल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घोषणा केली, म्हणून लोकांनी त्याला पबजीची जागा देऊन टाकली. श्रीखंडाची वाट पाहणाऱ्याच्या पानात थालीपीठ पडलं की थालीपीठालाच बोल लागतो, मग ते कितीही खमंग असो. (ते फारसं खमंग नव्हतं, असं माझा मोठा म्हणतो. त्याला तोच तोच ठोसा मारून कंटाळा आला.)

'इंडस'चं तसं नाही. त्यानं श्रीखंडच कबूल केलं होतं. म्हणून त्याला सूट देताना विचार करावा लागतो.

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कामात आहे. बंदुकीचे गेम तो करत नाही, पण त्यातलं त्याला कळतं. दिवाळीला चंद्रपूरला माहेरी गेले तेव्हा त्याला धरून बसवलं. तो म्हणाला, "मावशी, तुला चित्र दिसतं ना पळणाऱ्या माणसाचं, ते सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्यानं काढलेलं असतं. फोन जुना असला की त्याला तेवढा वेग झेपत नाही नि चित्र अडखळतं. दुसरं म्हणजे, तू कुठं उभी आहेस हे तुझा फोन दूरच्या मोठ्या संगणकाला कळवतो नि तो बाकीच्या सगळ्यांना कळवतो, तेही सेकंदाला कितीतरी वेळा. तुमच्या अहेरीच्या नेटला ह्या निरोपाला वेळ लागला की तू अजून भिंतीआड आहेस असं तुला दिसतं, पण समोरच्यानं तुला कधीच टिपलेलं असतं."

मी म्हटलं, म्हणजे पोस्टमननं उशिरा पत्र आणलं म्हणून पाठवणाऱ्याला शिव्या! तो हसला नि म्हणाला, "काही वेळा तसंच."

खात्री करायला धाकट्याला भाच्याचा फोन दिला. तिथं चंद्रपुरात, चांगल्या फोनवर, तोच गेम बराच सुरळीत चालला. धाकट्याचं तोंड बघण्यासारखं झालं! आमच्या घरचा फोन चार वर्षांचा, त्यात सगळ्या लग्नांचे फोटो नि व्हॉट्सअ‍ॅपवरचे 'शुभ सकाळ' साठलेले. पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही मुका होतो, नि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो, तिथं नेटचं काय घेऊन बसलात? तेव्हा आमच्या घरून जो एक स्टार गेला असता, तो खरं म्हणजे आमच्या फोनला नि आमच्या टॉवरला द्यायला हवा होता.

बुजगावण्यांचंही कारण भाच्यानं सांगितलं. पंगत बसवायची तर पानं भरावी लागतात. एका वेळी पुरेशी खरी मुलं आली नाहीत तर तिष्ठत ठेवण्यापेक्षा यंत्राचे गडी घालून खेळ सुरू करतात. पण मुलांना ते ओळखू येतात, कंटाळा येतो, मुलं सोडून जातात, मग आणखी गडी घालावे लागतात. असं ते दुष्टचक्र. बंद पडत चाललेल्या महिला मंडळाची सभा ज्यांनी चालवली आहे त्यांना हे मुद्दाम समजावून सांगायला नको.

पण सगळंच काही टॉवरवर ढकलता येणार नाही हं! पुण्या-मुंबईतली, उत्तम फोनवाली मुलंही तेच म्हणत होती. म्हणजे पदार्थ थोडा कच्चाच चुलीवरून उतरवला होता. गेम खुला झाल्यावर कंपनी त्यात सुधारणा करत गेली हे खरं, नि बाहेरच्या देशांतही असं होतंच. ज्या पबजीचे दाखले मुलं देतात, तोच २०१७ मध्ये संगणकावर आला तेव्हा इतका अडखळत होता, की २०१८ मध्ये त्या कोरियन कंपनीला 'फिक्स पबजी' नावाची दुरुस्तीची मोहीमच काढावी लागली. आणि सोनीसारख्या बलाढ्य कंपनीनं 'कॉनकॉर्ड' नावाचा बंदुकीचा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आणला, तो चालेना म्हणून दोन आठवड्यांत, ६ सप्टेंबरला, बंद करून लोकांचे पैसे परत केले. त्या मानानं पुण्याची मंडळी बरीच म्हणायची.

'आपला आहे, सांभाळून घ्या' असं म्हणणारेही भेटले. मला हे पटत नाही. आमच्या भागात बचतगटाच्या बायका मोहाचे लाडू करतात. पहिला डबा लोक कौतुकानं घेतात. दुसरा डबा मात्र चव असली तरच खपतो, नि ज्या गटानं "ताई, यंदा गूळ जास्त झाला" हे ऐकून घेतलं त्याचाच लाडू पुढं शहरात जातो. गूळ जास्त झाला हे सांगणं म्हणजे टीका. 'गावंढळ बायका, ह्यांना काय येतं' म्हणणं ही टीका नव्हे. 'इंडस'खालची मतं मी तासभर बसून वाचली. गूळ जास्त झाला असं नीट सांगणारी थोडी होती, बाकी नुसतं गावंढळपण काढणारी. 'इंडियन आहे, म्हणजे असाच असणार' असं लिहिणारी मुलं आपल्याच घरात आपलीच पोळी खाऊन बसलेली आहेत, ह्याचं मला जास्त वाईट वाटलं.

इतकं झाल्यावर मला वाटलं, निकाल लागला. काही टीका रास्त, काही नाही. पण आमच्या गावात हा विषय तेवढ्यावर संपत नाही.

आमच्या शेजारच्या वहिनी माहेरच्या सिरोंच्याच्या, म्हणून मला अक्का म्हणतात. त्यांचे यजमान पोलिसांच्या सी-६० पथकात. ते जंगलात अभियानावर गेले की फोन लागत नाही, नि वहिनी दोन-दोन दिवस धड जेवत नाहीत. भाजी निवडता निवडता रस्त्यावर गाडी थांबली तरी त्यांचा हात थांबतो. ह्या जिल्ह्यात राहणाऱ्या बायकांना ८ ऑक्टोबर २००९ चं लाहेरी माहीत आहे, सतरा पोलीस गेले. १ मे २०१९ चं जांभूळखेडा माहीत आहे, पंधरा जवान नि गाडीचा चालक. आता दिवस पालटले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती ह्या नावानं ओळखला जाणारा माओवाद्यांचा बडा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढं शरण आला, त्या रात्री वहिनींनी शिरा केला नि आमच्याकडे वाटी पाठवली. पण मी सांगते आहे ती त्याच्या एक वर्ष आधीची गोष्ट.

त्यांचा मुलगा नि माझा धाकटा एकाच वर्गात. दोघं आमच्या ओसरीवर बसून 'इंडस' खेळत होते, आवाज मोठा. वहिनी पीठ मागायला आल्या नि दारातच थबकल्या. ताड ताड ताड असा तो आवाज. त्यांचा चेहरा असा झाला, की मी धावत जाऊन फोनचा आवाज बंद केला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला कानात घालायचे हेडफोन आणून दिले. पण चार दिवसांनी स्वतःच म्हणाल्या, "अक्का, आवाज येत होता तेच बरं होतं. आता त्याच्या कानात काय चाललं ते कळतच नाही. मी हाक मारली तरी ऐकू जात नाही."

आता मात्र मला माझ्या सगळ्या चांदण्या परत मोजाव्या लागल्या. गेम अडखळतो ही मुलांची तक्रार. आईची तक्रार वेगळीच आहे, नि ती त्या दुकानाच्या पानावर कोणी लिहीत नाही.

बंदुकीचे गेम खेळून मुलं खुनशी होतात का? ह्यावर अमेरिकेत पुष्कळ अभ्यास झाले. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेनं २०२० मध्ये म्हटलं, की असे गेम नि प्रत्यक्ष हिंसाचार ह्यांचा संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही. मात्र आरडाओरडा, ढकलाढकली असा चिडखोरपणा थोडा वाढल्याचं दिसतं. हे मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझा पोरगा बंदूक घेऊन कोणाले मारंल हे भेव नाही मले. याचे बाबा रोज खरी बंदूक घेऊन जातात, अन् घरी येऊन आधी ती कपाटावर ठेवून हात धुतात. भेव हे आहे, का याले वाटंल मेल्यावर पुन्हा सुरू करता येते."

ह्यावर मी काय बोलणार? मी मुलाला बोलावून विचारलं. तो चौदा वर्षांचा पोर म्हणाला, "मावशी, मले मालूम आहे ना ते खोटं आहे. बाबा गेले का झोप येत नाही, म्हणून तर खेळतो." हे त्याच्या आईला तोवर माहीत नव्हतं.

माझी स्वतःची एक तक्रार मात्र ह्या गेमवर आहे, नि ती 'इंडस'च नव्हे तर सगळ्याच बॅटल रॉयलवर. बेटावर इमारती आहेत, खोल्या आहेत, जिने आहेत, पण कोणी राहत नाही. चूल नाही, दोरीवर लुगडं नाही, अंगणात कोंबडी नाही. झाडी आहे ती फक्त लपायला. आलापल्लीचं सागवान ज्यांनी पाहिलं आहे, तेंदूच्या दिवसांत पहाटे तीनला उठून पानं तोडायला जाणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ओसाड जंगलाचं हे चित्र खोटं वाटतं. आपल्याकडचं जग रचायला निघालात, नावंही हौसेनं ठेवलीत, मग त्या जगात राहणारं एखादं तरी माणूस ठेवायचं होतं! बाकीच्या गेमना मी हे विचारणार नाही. तुम्ही आपल्याकडचं म्हणालात, म्हणून तुम्हाला विचारते.

असो. ज्यांच्या घरी हे गेम आहेत त्यांनी काय करावं? आमच्या घरी दिवसाला एक तास, तोही ओसरीवर, नि हेडफोन एकाच कानात. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा पबजीच्या भारतीय अवतारानं स्वतःच घातली आहे, पण तीन तास म्हणजे मला फारच वाटतात. हे गेम फुकट मिळतात नि पोशाख, बंदुकीचे रंग असलं विकून कमाई करतात. तेव्हा फोनच्या दुकानात खरेदीला पासवर्ड लावून ठेवा, नि यूपीआयचा पिन मुलासमोर दाबू नका. एका गेममध्ये, नाव सांगत नाही, आमच्या मोठ्यानं ह्यांच्या फोनवरून साडेसातशे रुपयांचा पोशाख घेतला होता. इतक्यात आपल्यापैकी कोणी साडी घेतली असेल! पैसे लावून खेळायच्या गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्यानं बंदी आली आहे, पण 'इंडस'सारखे गेम त्यात येत नाहीत. दोन्हींची गल्लत करून मुलावर ओरडलं की मुलगा मनात हसतो. आणि गेमपायी शाळा, जेवण, झोप, मित्र सगळं सुटत चाललं, नुकसान दिसूनही थांबवता येईना, असं बारा महिने चाललं तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेनं आजार म्हणून नोंदलं आहे. तेव्हा डॉक्टरकडे जायला लाजू नका. एक तास खेळून अभ्यासाला बसणारा मुलगा आजारी नसतो, तो फक्त हरलेला असतो.

परीक्षेनंतर एका संध्याकाळी वहिनी आल्या नि पोराला म्हणाल्या, "आण, मले दाखव कसा असते तो." मुलांना इतका आनंद झाला, की दोघं दोन बाजूंनी बसून शिकवू लागले. वहिनी बेटावर उतरल्या. "बंदूक उचल मा, बंदूक उचल!" मुलं ओरडत होती. त्यांनी उचलली नाही. त्या आपल्या चालत चालत पाण्याच्या कडेला गेल्या, नि तिथं उभ्या राहून पलीकडे बघत बसल्या. म्हणाल्या, "प्राणहितेसारखं दिसते नं, अक्का?" अर्ध्या मिनिटात कोणीतरी मागून टिपलं.

मुलं हळहळली. वहिनींनी फोन पोराच्या हातात दिला, "चूल चालू आहे माझी," म्हणाल्या, नि पदर खोचत घराकडे गेल्या.